समूहाचा निर्णय आणि भावनांचे गणित: संगणकीय प्रतिमानांचा आढावा

समूह निर्णय घेतो तेव्हा प्रत्येकाजवळची माहिती एकत्र येते, तशाच प्रत्येकाच्या भावनाही एकत्र येतात. भीती, राग, उमेद, गटाविषयीची निष्ठा, एकटे पडण्याची धास्ती यांवरून कोण बोलणार, कोणाचे ऐकले जाणार आणि कोणता धोका मोठा वाटणार हे ठरत जाते. या घडामोडीचे नियम अंकांत मांडायचे, ते नियम पाळणारी माणसे संगणकात उभी करायची आणि त्यांच्यात काय घडते ते पाहायचे, असा हा अभ्यासविषय आहे. मानसशास्त्र, अर्थशास्त्र, मज्जाविज्ञान आणि संगणकशास्त्र या चारही शाखांनी त्याला हातभार लावला आहे.

अशा प्रतिमानांची गरज का पडते, हे एका जुन्या घटनेवरून दिसते. एप्रिल १९६१ मध्ये अमेरिकेच्या पाठिंब्याने सुमारे १,४०० क्यूबन निर्वासित क्यूबातील बे ऑफ पिग्स येथे उतरले आणि तीन दिवसांत त्यांचा पाडाव झाला. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे सल्लागार, इतिहासकार आर्थर श्लेसिंजर यांचा या मोहिमेला विरोध होता. तो त्यांनी लेखी कळवलाही होता. पण ऐन बैठकांत ते गप्प राहिले आणि त्याची खंत त्यांनी पुढे जाहीरपणे लिहिली. मानसशास्त्रज्ञ आयर्विंग जॅनिस यांनी १९७२ च्या पुस्तकात या आणि अशाच इतर निर्णयांची चिकित्सा केली. एकोप्याची ओढ प्रबळ झाली की गट पर्याय तपासायचे सोडून देतो, या अवस्थेला त्यांनी ‘ग्रुपथिंक’ म्हटले. हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे, पण ते घटना घडून गेल्यानंतरचे आहे. अध्यक्षाने आपला कल आधी दाखवला नसता तर? विरोधक एकाऐवजी दोन असते तर? इतिहास पुन्हा घडवून ही उत्तरे मिळत नाहीत. सिम्युलेशनमध्ये मात्र बाकी सारे तसेच ठेवून एकच गोष्ट बदलता येते आणि बैठक हजार वेळा भरवता येते.

भावना म्हणजे विचारातला बिघाड, ही समजूत या विषयाच्या वाटेतला मोठा अडसर होती. गुस्ताव ल बाँ यांच्या १८९५ च्या गर्दीच्या मानसशास्त्रावरील पुस्तकाने ती घट्ट केली. गर्दीत शिरलेला माणूस विवेक गमावतो, हे त्याचे सूत्र होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटले. मर्यादित विवेकाची कल्पना मांडणारे हर्बर्ट सायमन यांनी १९६७ च्या निबंधात भावनेकडे एक यंत्रणा म्हणून पाहिले. हातातले काम थांबवून अधिक तातडीच्या गोष्टीकडे लक्ष वळवणे हे तिचे काम. पुढे अँटोनियो डमासिओ आणि आयोवा विद्यापीठातील त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्त्यांच्या चार गड्ड्यांचा प्रयोग केला. दोन गड्ड्या मोठा लाभ आणि त्याहून मोठा तोटा देणाऱ्या, तर दोन थोडा लाभ आणि त्याहून कमी तोटा देणाऱ्या होत्या. खेळणाऱ्याला कारण सांगता येण्याआधीच वाईट गड्डीकडे हात जाताना त्याच्या तळहाताला घाम येऊ लागे आणि तो ती गड्डी टाळू लागे. मेंदूच्या पुढच्या भागाला विशिष्ट इजा झालेल्या रुग्णांना हा इशारा मिळत नसे. त्यांची बुद्धी शाबूत असूनही ते तोट्याच्या गड्डीकडे पुनःपुन्हा वळत. डमासिओ यांचे १९९४ चे पुस्तक याच निष्कर्षाभोवती उभे आहे. प्रतिमान रचणाऱ्यांसाठी याचा अर्थ सरळ होता: समूहातील सदस्याचे चित्र भावनेशिवाय अपुरे राहते.

अशा कोणत्याही प्रतिमानाला तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. एका माणसात भावना उपजते कशी? ती दुसऱ्याकडे जाते कशी? आणि ती निवडीत शिरते कशी? प्रत्यक्षात बहुतेक प्रतिमाने दुसऱ्या प्रश्नावर सर्वाधिक मेहनत घेतात आणि पहिला व तिसरा घाईने उरकतात. या क्षेत्रातले बरेच वाद या असमतोलातून आलेले आहेत.

पहिल्या प्रश्नाचे सर्वाधिक वापरले गेलेले उत्तर १९८८ चे आहे. अँड्र्यू ऑर्टनी, जेराल्ड क्लोर आणि ॲलन कॉलिन्स यांनी भावनांचे २२ प्रकार केले. घटना आपल्या उद्दिष्टाला पोषक की मारक, कुणाची कृती वाखाणण्याजोगी की निंद्य आणि वस्तू आवडती की नावडती, या तीन कसोट्यांवर त्यांची वर्गवारी उभी आहे. उदाहरणार्थ, नको असलेली गोष्ट घडण्याची शक्यता म्हणजे भीती, आणि ती टळली की सुटकेची भावना. हे सारे ‘जर-तर’च्या भाषेत बसत असल्याने संगणकतज्ज्ञांनी ते लगेच उचलले. स्टेसी मार्सेला आणि जोनाथन ग्रॅच यांचे २००९ चे प्रतिमान याच मूल्यमापनाच्या परंपरेतले आहे. त्यात मूल्यमापन सतत चालू राहते आणि भावना आवरण्यासाठी माणूस परिस्थितीचा अर्थच बदलून घेतो, हेही येते. दुसरा मार्ग स्वस्त आहे. जेम्स रसेल यांनी १९८० मध्ये मांडल्याप्रमाणे भावनेचे दोनच अक्ष धरायचे, सुखद-दुःखद आणि शांत-उत्तेजित. हजारो एजंटांची, म्हणजे संगणकातल्या माणसांची, गर्दी चालवायची असेल तर एका-दोन अंकांत मावणारी भावनाच परवडते.

हा स्वस्तपणा महाग पडतो. जेनिफर लर्नर आणि डॅकर केल्टनर यांनी २००१ मध्ये दाखवले की भीती आणि राग या दोन्ही दुःखद, उत्तेजित भावना असूनही निर्णयावर त्यांचा परिणाम उलट दिशांना होतो. घाबरलेल्याला धोका मोठा दिसतो, तर रागावलेल्याला तो लहान दिसतो आणि तो जोखीम पत्करायला अधिक तयार होतो. दोन अक्षांच्या नकाशावर मात्र ही दोन माणसे शेजारी-शेजारी येतात. ज्या प्रतिमानात भीती आणि राग यांना एकच नाव आहे, ते माघार घेणारा समूह आणि चाल करून जाणारा समूह यांत फरक करू शकणार नाही. समूहनिर्णयाच्या अभ्यासात हा दोष किरकोळ म्हणून सोडता येत नाही.

दुसरा प्रश्न भावनेच्या लागणीचा. एलेन हॅटफील्ड, जॉन कॅचिओप्पो आणि रिचर्ड रॅप्सन यांच्या १९९४ च्या पुस्तकाने या शब्दाला शास्त्रीय अर्थ दिला. माणसे नकळत एकमेकांचे चेहरे, आवाज आणि देहबोली यांची नक्कल करतात आणि त्या नकलेतून भावनाही उचलतात. सिगल बारसेड यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कर्मचाऱ्यांना बोनस वाटून देण्याच्या चर्चेसाठी विद्यार्थ्यांचे छोटे गट बसवले होते. प्रत्येक गटात एक कसलेला नट मिसळलेला असे. तो कधी उत्साही, कधी शांत-प्रेमळ, कधी चिडखोर, तर कधी मरगळलेला वागे. त्याची मनःस्थिती गटात पसरली. जिथे चांगली मनःस्थिती पसरली तिथे सहकार्य वाढले आणि भांडणे कमी झाली. एका माणसाच्या चेहऱ्याने पैशांच्या वाटपाची बैठक बदलते, हे या प्रयोगाने नियंत्रित परिस्थितीत दाखवले.

लागणीचे सर्वांत साधे गणित सरासरीचे आहे. मॉरिस डीग्रूट यांनी १९७४ मध्ये एकमताचे जे प्रतिमान मांडले त्यात प्रत्येक जण इतरांच्या मतांना ठरावीक वजन देऊन आपले मत पुन्हा ठरवतो. तोच नियम भावनेला लावता येतो. समजा, पाच जणांच्या समितीत अध्यक्षाची भीती ०.८ आणि बाकी चौघांची प्रत्येकी ०.२ आहे. चौघेही निम्मे वजन अध्यक्षाला आणि निम्मे स्वतःला देतात, अध्यक्ष मात्र कुणालाच वजन देत नाही. पहिल्या फेरीनंतर चौघांची भीती ०.५ होते, मग ०.६५, मग ०.७२५, आणि शेवटी सगळी समिती ०.८ वर जाऊन थांबते. सुरुवातीची सरासरी तर अवघी ०.३२ होती. लागणीत किती जण घाबरले आहेत यापेक्षा कोणाच्या भीतीला किती वजन मिळते याला महत्त्व असते, हे एवढ्या लहान उदाहरणातही दिसते.

ॲम्स्टरडॅमच्या व्रिये विद्यापीठात टिबोर बोसे, यान ट्रूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वजनाची फोड केली. एकाकडून दुसऱ्याकडे भावना किती जोराने जाईल, हे त्यांच्या मते तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते: देणारा भावना किती व्यक्त करतो, दोघांमधला दुवा किती पक्का आहे आणि घेणारा किती मोकळा आहे. हे आकडे ०.९, ०.८ आणि ०.५ असतील तर जोर ०.३६. तिघांपैकी एक शून्य झाला की लागण थांबते. त्यामुळेच निर्विकार चेहऱ्याचा घाबरलेला पुढारी आणि गडबडलेला पण दूरवरचा अनोळखी माणूस यांचा परिणाम वेगवेगळा येतो. त्यांनी आणखी एक अडचण ओळखली. सरासरीच्या नियमात गटाची भावना सुरुवातीच्या सर्वांत तीव्र सदस्यापलीकडे कधीच जाऊ शकत नाही. प्रत्यक्षात मात्र एकाची कुजबुज दुसऱ्यात चिंता आणि तिसऱ्यात थरकाप निर्माण करते. म्हणून त्यांनी ‘शोषणा’च्या नियमाबरोबर ‘वर्धना’चा नियमही मांडला. त्यात भावना एकमेकांना चढवत नेतात. पुढे ‘ॲस्क्राइब’ या नावाच्या प्रतिमानात त्यांनी भावना, समजूत आणि इरादा हे तिन्ही एकमेकांत गुंतवले. भीती वाढली की वाईट बातमीवर लवकर विश्वास बसतो, विश्वास बसला की भीती आणखी वाढते आणि दोन्ही मिळून पळण्याचा इरादा पक्का करतात. पर्यायांना भावनेची खूण चिकटते, ही डमासिओ यांची कल्पना इथे समीकरणाच्या रूपात आली आहे.

दुसरी परंपरा साथीच्या रोगांच्या गणितातून आली. ॲलिसन हिल, डेव्हिड रँड, मार्टिन नोवाक आणि निकोलस क्रिस्टाकिस यांनी २०१० मध्ये अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील दीर्घकालीन हृदयरोग-पाहणीतल्या नातेजाळ्यावर हे गणित चालवले. गोवर संपर्काशिवाय होत नाही, पण माणूस आपणहूनही खिन्न किंवा समाधानी होऊ शकतो. ही ‘स्वतःहून होणारी लागण’ त्यांनी नेहमीच्या समीकरणात घातली. मात्र नातेजाळ्यांवरच्या अशा सर्व अभ्यासांवर कोस्मा शालिझी आणि अँड्र्यू थॉमस यांनी २०११ मध्ये गंभीर आक्षेप घेतला. समान स्वभावाची माणसे मुळातच एकत्र येतात. दोन मित्र एकाच वेळी उदास दिसले तर ती लागण की मूळचे साम्य, हे केवळ निरीक्षणातून वेगळे काढता येत नाही. प्रयोग करावा तर तोही सोपा नाही. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकच्या ६,८९,००३ वापरकर्त्यांवरच्या प्रयोगात त्यांना दिसणाऱ्या मजकुरातून आनंदी किंवा दुःखी शब्द असलेल्या नोंदी आठवडाभर कमी करण्यात आल्या आणि त्यांच्या स्वतःच्या लिखाणातही त्याच दिशेने बदल आढळला. परिणाम अत्यंत सूक्ष्म होता. माणसांची स्पष्ट संमती न घेता त्यांच्या मनःस्थितीशी खेळ केल्याबद्दल २०१४ मध्ये या प्रयोगावर झालेली टीका रास्त होती.

तिसरा प्रश्न, भावना निवडीत कशी शिरते, हा सर्वांत अवघड. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये भावनेचे नावही न घेता त्याचा पाया घातला. चौकात शंभर माणसे आहेत. किती जणांनी दगड उचलल्यावर आपण उचलू, याचा प्रत्येकाचा एक उंबरठा आहे: एकाचा ०, दुसऱ्याचा १, तिसऱ्याचा २, असे शेवटच्याचा ९९. पहिला स्वतःहून दगड मारतो, त्याला पाहून दुसरा, दोघांना पाहून तिसरा, आणि सगळे शंभर दंगलीत उतरतात. आता फक्त ज्याचा उंबरठा १ आहे त्याच्या जागी उंबरठा २ असलेला माणूस उभा करा. दगड मारणारा एकटाच उरतो. दोन्ही जमावांची सरासरी जवळजवळ सारखी आहे, पण एका गावात दंगल झाली आणि दुसऱ्यात एका माथेफिरूला पकडले. समूहाच्या कृतीवरून त्यातल्या माणसांचे अंतरंग वाचण्याची घाई किती चुकीची ठरू शकते, हे यापेक्षा नेमके क्वचितच कुणी सांगितले असेल. पुढच्या प्रतिमानांनी या उंबरठ्याला भावनेशी जोडले.

त्यांतील सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रयत्न जोशुआ एपस्टाईन यांचा ‘एजंट झीरो’. प्रिन्स्टन विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या या पुस्तकातील प्रत्येक एजंटाचे तीन भाग आहेत. पहिला भावनेचा, जो प्राण्यांच्या शिकण्याविषयीच्या रेस्कॉर्ला-वॅग्नर यांच्या १९७२ च्या सूत्राने चालतो: हल्ला झाला की भीती वाढते, काही काळ काही झाले नाही की ओसरते. दुसरा हिशेबाचा, जो आजूबाजूच्या किती जागा धोक्याच्या आहेत याचे प्रमाण काढतो. तिसरा सामाजिक, जो इतरांचा कल ठरावीक वजनाने स्वतःच्या कलात मिळवतो. बेरीज उंबरठा ओलांडते तेव्हा एजंट कृती करतो. यातले महत्त्वाचे पाऊल हे की एजंट दुसऱ्याच्या कृतीची नक्कल करत नाही, त्याच्यापर्यंत पोचतो तो दुसऱ्याचा कल. म्हणून सुरक्षित कोपऱ्यात बसलेला, ज्याच्यावर कधी हल्ला झाला नाही असा एजंटही हिंसा करू शकतो, इतकेच काय तो पहिला वारही करू शकतो. एपस्टाईन यांचा मुद्दा हा की तिन्ही भागांपैकी एक जरी वगळला तरी हे वर्तन उभे राहत नाही.

मतभेदांच्या अभ्यासात भावना वेगळ्या दाराने येते. राइनर हेगझेलमन आणि उलरिश क्राउझ यांच्या २००२ च्या प्रतिमानात माणूस फक्त आपल्या मताच्या आसपासच्यांचेच ऐकतो. ऐकण्याचा हा पल्ला आखूड केला की समाजाचे दोन-तीन घट्ट तट पडतात. पोलंडचे पावेल सोब्कोविच यांनी २०१२ मध्ये मत, माहिती आणि भावना असे तिन्ही घटक एकत्र घेतले. तिथे चिडलेल्या माणसाला विरुद्ध बाजूची माहिती मिळूनही उपयोग होत नाही. तो आधी शांत व्हावा लागतो, तरच त्याचे मत हलू शकते.

कागदावर बरोबर दिसणारे हे सारे जमिनीवर किती टिकते, याची दुर्मीळ तपासणी ॲम्स्टरडॅमच्याच एका घटनेने शक्य केली. ४ मे २०१० रोजी संध्याकाळी डॅम चौकात दुसऱ्या महायुद्धातील मृतांसाठी दोन मिनिटांची शांतता पाळली जात होती. हजारो लोक स्तब्ध उभे असताना एक माणूस किंचाळला. लोक पळत सुटले, अडथळे कोसळले आणि साठहून अधिक जण जखमी झाले. चौकातील चित्रफीत उपलब्ध होती. बोसे आणि सहकाऱ्यांनी तिच्यातील काही माणसांचे मार्ग टिपून काढले आणि आपल्या प्रतिमानातील एजंटांच्या मार्गांशी ताडले. भावनेची लागण बंद ठेवलेल्या प्रतिमानापेक्षा लागण चालू असलेले प्रतिमान वस्तुस्थितीच्या अधिक जवळ आले. अमेरिकेत लॉस एंजेलिस विमानतळासाठी गर्दीचे प्रतिमान करणाऱ्या जेसन त्साई आणि मिलिंद तांबे यांच्या गटाने याच चित्रफितीवर भीतीच्या लागणीचे वेगवेगळे नियम लावून पाहिले. साथरोगाच्या धर्तीवरच्या नियमापेक्षा ॲम्स्टरडॅमकरांच्या नियमाने उजवी कामगिरी केली. भीती ‘झाली की नाही’ असा दोन टोकांचा प्रश्न नसून ती कमी-जास्त होत असते, हे यातून मिळालेले ठोस ज्ञान आहे.

गर्दीच्या बाबतीत मात्र एक इशारा आवश्यक आहे. डिर्क हेल्बिंग, इल्येश फार्काश आणि तामाश विचेक यांनी २००० मध्ये दाखवले की दाराकडे धावण्याची इच्छित गती वाढली की दार तुंबते आणि बाहेर पडायला उलट जास्त वेळ लागतो. त्यांच्या लेखाच्या शीर्षकात ‘पॅनिक’ हा शब्द होता, पण समीकरणे होती ती धक्क्यांची आणि घर्षणाची. जॉन ड्रुरी यांच्यासारख्या समाजमानसशास्त्रज्ञांनी पुढे सप्रमाण सांगितले की संकटात माणसे बहुधा एकमेकांना मदत करतात. २००५ च्या लंडन बॉम्बस्फोटांतून वाचलेल्यांच्या कहाण्यांत हेच आढळले. महाराष्ट्राला हा मुद्दा जवळचा आहे. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवीला चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक भाविक दगावले आणि २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ प्रवासी. दोन्हीकडे वाट अरुंद होती आणि माणसे वाटेच्या मानाने फार. दर चौरस मीटरला सहा-सात माणसे झाली की कुणाच्या मनात काय आहे याने फरक पडत नाही. देह पाण्यासारखे ढकलले जातात. अशा जागी प्रतिमानात फक्त भीतीचा आकडा फिरवणे म्हणजे जिन्याच्या रुंदीचा दोष मेलेल्यांच्या मनावर ढकलणे होय.

बैठकीच्या खोलीतला निर्णय गर्दीहून वेगळा असतो, कारण तिथे युक्तिवाद होतो. गॅरोल्ड स्टॅसर यांनी १९८८ मध्ये समितीच्या चर्चेचे सिम्युलेशन केले. सर्वांना आधीच ठाऊक असलेली माहिती चर्चेत पुनःपुन्हा येते आणि एकालाच ठाऊक असलेली मोलाची गोष्ट मागे राहते, हे त्यातून दिसले. हे घडायला भावना लागतही नाही, आणि म्हणूनच हे प्रतिमान उपयोगी तुलना ठरते: भीतीमुळे आलेले मौन त्याच्यावर किती भर घालते, हे वेगळे मोजता येते. पोर्तुगालमध्ये पोर्तो येथे गोरेती मारेरोस आणि कार्लोस रामोस यांच्या गटाने बैठकीतील प्रत्येक सदस्यासाठी एक एजंट केला. प्रतिपक्षाची मनःस्थिती पाहून विनंती करायची, आश्वासन द्यायचे की धमकी, हे तो एजंट ठरवतो.

या सर्व रचनांत समूहाभोवती भिंत धरलेली असते. १९५९ चा मुंबईतील नानावटी खून खटला ती भिंत किती पातळ असते ते दाखवतो. न्यायालयाबाहेर आरोपी नौदल अधिकाऱ्याविषयी सहानुभूतीची लाट होती, ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक उघडपणे त्याच्या बाजूने लिहीत होते. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्याला निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना ते मान्य झाले नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि तिथे जन्मठेप झाली. नऊ जणांच्या खोलीचे प्रतिमान कितीही बारकाईने केले तरी खोलीबाहेरचा आवाज त्यात घातला नाही तर अशा निकालाला ते भिडू शकत नाही.

अलीकडे एजंटांच्या मागे समीकरणांऐवजी मोठी भाषा-प्रतिमाने बसवली जाऊ लागली आहेत. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशा २५ पात्रांचे एक छोटे गाव चालवले आणि त्यात मेजवानीची बातमी एका पात्राकडून दुसऱ्याकडे पसरली. ही पात्रे आपली भीती अस्खलित शब्दांत सांगतात. पण बोलणे खरे वाटणे आणि निर्णयामागची यंत्रणा खरी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रॅनोव्हेटर यांचा उंबरठा कुणालाही कागदावर तपासता येतो. भाषा-प्रतिमानाने घेतलेल्या निर्णयाचे कारण तसे उलगडता येत नाही.

समीकरणांच्या प्रतिमानांचीही एक जुनी दुखरी बाजू आहे. बदलता येण्याजोगे आकडे इतके असतात की ते जुळवून जवळपास कोणताही शेवट मिळवता येतो. एकाच शेवटाला दोन वेगळ्या यंत्रणा पोचल्या तर खरी कोणती, हे शेवटावरून कळत नाही. यावर उपाय म्हणून फोल्कर ग्रिम आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रतिमानाचे वर्णन कसे लिहावे याची सर्वमान्य चौकट दिली. उरी विलेन्स्की यांचे १९९९ पासून मोफत मिळणारे ‘नेटलोगो’ वापरून कोणताही विद्यार्थी दुसऱ्याचे प्रतिमान चालवून पाहू शकतो. तरीही डॅम चौकासारखी प्रत्यक्ष नोंदीशी ताडलेली उदाहरणे फार थोडी आहेत, आणि जी आहेत ती मुख्यतः पळणाऱ्या गर्दीची आहेत. मंत्रिमंडळ, ज्यूरी, ग्रामसभा किंवा संचालक मंडळ यांच्या बैठकीत मिनिटागणिक कुणाची भावना काय होती, याची नोंद सहसा कुणी ठेवत नाही. अशा नोंदी हाती येईपर्यंत या प्रतिमानांवरून एखाद्या समितीचा निर्णय वर्तवण्याचे धाडस करू नये. बैठकीचे दोन नियम शेजारी-शेजारी चालवून त्यांतला कोणता नियम मौनाला अधिक जागा देतो, हे पाहण्यासाठी मात्र ती आजही भरवशाची आहेत.